आजचे चिंतन : कपोत गुरू आणि अंगणातलं पिल्लू

आजचा पाठ : श्रीमद्भागवत, स्कंध 11, अध्याय 7 (उत्तरार्ध)



भगवंत उद्धवाला यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद सांगताहेत. चोवीस गुरूंपैकी आज आठवा, कपोत. कथा छोटी आहे. रानात कबुतराचं जोडपं, घरटं, अंडी, मग पिल्लं. त्या कोवळ्या आवाजाने दोघं इतकी भुलली की दुसरं काही सुचेना. एक दिवस दोघं चारा आणायला गेली आणि घरट्याजवळ दुडदुडणाऱ्या पिल्लांवर व्याधाने जाळं टाकलं. आई आली, आक्रोश करत स्वतःच जाळ्यात शिरली. बाप आला, विलाप केला आणि तोही शिरला. व्याध सगळं कुटुंब घेऊन घरी गेला.

हा भाग आला की आमच्याकडे पोथी ऐकायला बसलेल्यांतली एखादी बाई हमखास विचारते, "मंग लेकरांवर मायाच करू नये का?" प्रश्न अगदी खरा आहे. माझ्या मते त्याचं उत्तर मागे पाचव्या स्कंधात, आठव्या अध्यायात आहे.

तिथे भरत राजा राज्य सोडून गंडकीकाठी तप करतोय. सिंहाच्या गर्जनेने घाबरून गाभण हरिणी नदीवरून उडी मारते, पाडस पाण्यात पडतं, हरिणी मरते. भरत वाहत्या पाण्यातून ते पाडस काढतो आणि आश्रमात आणतो. इथपर्यंत भागवत त्याला एका शब्दाने बोल लावत नाही. पुढे मात्र नेम एकेक करून सुटत जातात. पाडस दिसलं नाही की जीव कासावीस, बसता-उठता त्याचेच लाड. शेवटच्या क्षणीही मनात तेच, म्हणून पुढचा जन्म हरिणाचा. एक गोष्ट फार थोडे लोक बघतात, की एवढ्या मायेत ते पाडस कळपात परत कसं जाईल, हा विचार भरताला कुठेच पडलेला दिसत नाही.

यंदा मे महिन्यात हे सगळं आमच्या अंगणातच घडायची वेळ आली. भंडाऱ्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी वादळ आलं, कडुनिंबाची फांदी मोडली, होल्याचं घरटं खाली आलं. मादीला मांजराने नेलं. उरलं एक पिल्लू, अंगावर पंखांच्या नुसत्या काड्या. आधी टोपलीत गवत घालून त्याच झाडाला बांधली, कारण होल्यात बापही पिल्लं पाळतो. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा आपल्याकडचा गैरसमज आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नर फिरकला नाही. वनखात्याला कळवलं. तिथले म्हणाले, मोठं होईस्तोवर सांभाळा आणि तिथंच सोडा.

नातीने लगेच विचारलं, "आजी, ठेवून घेऊ ना आपन? नाव ठेवू?" नाव ठेवू दिलं नाही. पोर रुसली.

होल्याच्या पिल्लाची तऱ्हा वेगळी. बुलबुल, साळुंकीची पिल्लं चोच वासतात, त्यांना किडे लागतात आणि तेही दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाने. होला किंवा कबुतराचं पिल्लू आईबापाच्या चोचीत आपली चोच खुपसून खातं. पहिले काही दिवस आई-बाप दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा चारा तयार होतो, तो ते पाजतात. आमचं पिल्लू त्यापुढे गेलेलं होतं. भिजवलेले मूग आणि ज्वारी बारीक वाटून, कोमट करून, बाटलीच्या बुचाला भोक पाडून त्यातून दिलं. गळ्याची पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. गाईचं दूध नाही, ते पक्ष्यांना पचत नाही. चोचीत पाणी ओतायचं तर मुळीच नाही. श्वासाची वाट जिभेच्या लगेच मागे असते, घोटभर पाण्यानेही पिल्लू दगावतं.

दहा-बारा दिवसांनी कठीण भाग सुरू झाला, आणि तो पिल्लापेक्षा नातीला कठीण गेला. हाताने भरवणं कमी करायचं. जमिनीवर तांदळाची कणी आणि ज्वारी टाकून आपण लांब बसायचं. खांद्यावर घ्यायचं नाही, बोलायचं नाही. माणसाला न भिणारा पक्षी मांजरालाही भीत नाही. कपोताची पिल्लंही घरट्याबाहेर निर्धास्त फिरतानाच सापडली होती ना? नात म्हणाली, "त्याला वाटेल मी कट्टी केली." मी म्हटलं, वाटू दे.

मग पडवीची जाळी उघडी ठेवली. दोन दिवस ते उंबऱ्यावरच. तिसऱ्या दिवशी कडुनिंबावर. आठवडाभर कणी टिपायला खाली यायचं, नंतर इतर होल्यांत मिसळलं. आता चार होले उतरतात, त्यातलं कोणतं ते मला ओळखता येत नाही. नात म्हणते तिला येतं. एकदा ती जवळ गेली, चारही भुर्रकन उडाले. ती रडली. मी जवळ घेतलं, समजूत काही घातली नाही.

पिंजऱ्यात पोपट ठेवून त्याला रामनाम शिकवणारे भाविक माझ्या ओळखीत आहेत. त्यात पुण्य आहे असं मला वाटत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर तो गुन्हाच आहे. कुणाला पिल्लू सापडलं तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर कळवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर खात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जखमी जीव तिथे सांभाळतात.

आणि पोपटावरून आठवलं. भागवत सांगणारे शुकाचार्य, त्यांचं नावच पोपटाचं. ते घर सोडून निघाले तेव्हा साक्षात व्यास मागून "बाळा, बाळा" करत धावले, आणि शुकांच्या वतीने झाडांनी ओ दिली. हे भागवताच्या पहिल्याच स्कंधात आहे. व्यासांसारख्या ज्ञान्यालाही हाक मारावीशी वाटली. शुक मात्र थांबले नाहीत, आणि पुढे गंगाकाठी परीक्षितीला हेच भागवत त्यांनी ऐकवलं.

उद्या आठवा अध्याय, गुरू अजगर. रामकृष्णहरी.