पडलेल्या अरण्याची मोजदाद

वादळात पडलेले झाड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. अशा वेळी लोक वाटा मोकळ्या करतात आणि लाकूड हलवतात, ते योग्यच आहे. परंतु अमेरिकेत एक अरण्य असे आहे, की जेथे पडलेली झाडे मुद्दाम उचलली नाहीत. ते अरण्य पडण्यापूर्वी कसे होते, हे आज आपण बरेच नेमकेपणाने सांगू शकतो याचे एक कारण तेच आहे.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर नावाचे राज्य आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात विंचेस्टर गावाजवळ पिस्गा हा डोंगराळ प्रदेश आहे. येथील बहुतेक जंगल लाकूडतोडीत गेले. एका भागात मात्र कुऱ्हाड न लागलेले जुने रान शिल्लक होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या वनसंशोधन संस्थेचे संचालक रिचर्ड फिशर यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्यातील सुमारे आठ हेक्टर जागा विद्यापीठाकडे आली. वर चाळीस मीटरच्या आसपास पोचलेले पांढरे पाइन, त्यांच्या खाली हेमलॉकची गर्द सावली, त्याखाली बीचची झाडे. (सॉक्रेटिसाला दिलेले विष ज्या हेमलॉकचे, ती वनस्पती निराळी. हा वृक्ष आपल्या हिमालयातल्या चीड-देवदाराच्या कुळातला आहे.) संशोधकांनी येथील झाडे मोजली, त्यांची वये काढली. फिशर १९३४ मध्ये वारले. २१ सप्टेंबर १९३८ रोजी वादळ आले.

आता थोडे गणित करू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर ६० न्यूटन बल लावतो. वेग ४० मीटर झाला, म्हणजे चौपट झाला, की बल सोळापट, ९६० न्यूटन होते. समजा, पाइनच्या शेंड्याचा वाऱ्यासमोर येणारा भाग २५ चौरस मीटर आहे. एकूण बल झाले २४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन वजनाएवढे. फांद्या वाऱ्याबरोबर झुकतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी येईल. पण हे बल जमिनीपासून ३५ मीटर उंचीवर लागते, ही खरी गोष्ट आहे. पहार जितकी लांब तितका दगड सहज उलथतो, हे तुम्हांला माहीत आहे. येथे पहार ३५ मीटर लांबीची, आणि दगडाच्या जागी झाडाचे मूळ! त्यातच आधीचे काही दिवस भरपूर पाऊस पडून माती भिजलेली होती. ओल्या मातीची मुळांवरची पकड सैल होते. सर्वांच्या वर डोके काढून उभे असलेले पाइन सर्वाधिक पडले, यात नवल नाही.

पडलेल्या खोडांचे शेंडे बहुतांशी वायव्येकडे होते. का बरे? उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. हे वादळ उत्तरेकडे चालले होते आणि पिस्गा त्याच्या मार्गाच्या उजव्या हाताला होते. म्हणून तेथे वारा आग्नेयेकडून आला. शिवाय वादळाची स्वतःची चाल ताशी सुमारे ८० किलोमीटर होती, ही असाधारण गती. समजा, फिरण्याचा वेग ताशी १२० असेल, तर उजवीकडे दोन्ही वेगांची बेरीज होऊन २००, आणि डावीकडे वजाबाकी होऊन केवळ ४०! बॉस्टनजवळच्या ब्लू हिल वेधशाळेत त्या दिवशी पाच मिनिटांचा सरासरी वेग ताशी १९५ किलोमीटर नोंदला गेला.

न्यू इंग्लंडमध्ये इतरत्र पडलेले लाकूड सरकारी मोहिमेने गोळा केले; ते कुजू नये म्हणून तळ्यांत बुडवून ठेवले. पिस्गाच्या त्या आठ हेक्टरांत खोडे तशीच राहू दिली. हा निर्णय किती मोलाचा होता, ते पुढे दिसले. १९७४ साली हेन्री आणि स्वान या संशोधकांनी तेथील सुमारे ४०० चौरस मीटरच्या तुकड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा तुकडा साधारण एका खो-खोच्या मैदानाएवढा. त्यांनी त्यातील प्रत्येक जिवंत झाड, खुंट, आडवे खोड, एवढेच नव्हे तर मातीत गाडलेले लाकूडसुद्धा तपासले. वादळात मेलेल्या झाडाचे सर्वांत बाहेरचे वलय कोणत्या वर्षाचे, हे ठाऊक असते. तेथून आत मोजत गेले की जन्मवर्ष मिळते. हेमलॉकची वलये आणखी एक गोष्ट सांगतात. अनेक वर्षे अरुंद असलेली वलये एकाएकी रुंद झाली, तर समजावे की त्या वर्षी शेजारचे मोठे झाड पडले आणि याला ऊन मिळाले.

त्यातून निघालेली हकीकत अशी. ज्या पाइनना लोक अनादि समजत होते, ते १६६५ च्या सुमारास लागलेल्या एका मोठ्या आगीनंतर उगवलेले होते. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला, ते हे वर्ष. पाइनच्या रोपाला उघडे ऊन हवे असते. आगीने ते मिळवून दिले. १९३८ च्या वादळाने पाइन पाडले खरे, परंतु खाली सावलीत टिकून राहिलेली हेमलॉक आणि बीचची लहान झाडे तेथे होतीच. मोकळी झालेली जागा त्यांनी बळकावली. आज त्या रानात त्यांचेच राज्य आहे, पाइन जवळजवळ नाहीत. पिस्गाच्या पायवाटेने जाणाऱ्याला शेवाळाने झाकलेली पाइनची खोडे आणि उपटलेल्या मुळांनी केलेले खड्डे-उंचवटे दिसतात. हे उंचवटे शतकानुशतके टिकतात.

आता हेमलॉकचीही शाश्वती उरलेली नाही. जपानमधून आलेला एक लोकरी मावा पूर्व अमेरिकेत हेमलॉकची झाडे मारीत आहे. म्हणून तेथील मोजणी थांबलेली नाही.

असे काम तुम्हांलाही करता येईल. गावाजवळ देवराई असेल तर उत्तमच. पण गावकऱ्यांना विचारून जा, आणि झाडाला खिळा मारू नका. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेपने मोजा. उंचीसाठी कंपासपेटीतला ४५ अंशांचा गुण्या पुरेसा आहे. त्याची एक लहान बाजू आडवी धरून तिरप्या बाजूवरून पाहत मागे सरका. शेंडा त्या रेषेत आला की तेथून खोडापर्यंतचे अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, ही झाडाची उंची. उतारावर मात्र हे चालत नाही; तेथे खोडाच्या बुंध्याच्या पातळीवर उभे राहूनच माप घ्या. झाड कोणत्या दिशेला कलले आहे, ते होकायंत्राने पाहून लिहा. नकाशासाठी एखादा न हलणारा खडक निवडा आणि प्रत्येक झाडाचे अंतर त्याच्यापासून मोजा. आधीच पडलेले खोड दिसले, तर त्यालाही क्रमांक द्या. वहीच्या दोन प्रती करून एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. वहीवर तारीख घालायला विसरू नका.