अर्धवट जोडलेली मोटार घेताना

ब्रिटनमध्ये सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरीच मोटार जोडण्याची प्रथा जुनी आहे. १९५७ साली आलेली ‘लोटस सेव्हन’ अशा रीतीने घेतल्यास खरेदीकर वाचत असे. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. छंद मात्र टिकला. अशा काही मोटारी अपुऱ्या अवस्थेतच दुसऱ्याच्या हाती जातात. त्या घेताना रंगरूपापेक्षा सांगाड्यावरील क्रमांक, भागांच्या पावत्या आणि इंजिन ज्या गाडीतून काढले तिचे नोंदणीपत्र अधिक मोलाचे ठरते. कारण रस्त्यावर आणण्यापूर्वी मोटार शासकीय तपासणीत उतरावी लागते. तिचे वय वा मूळ सिद्ध न झाल्यास ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो. पहिल्याने केलेले ब्रेक व सुकाणूचे जोडकाम मात्र उकलून पुन्हा बसवणेच इष्ट. त्याची ग्वाही कोणताही कागद देत नाही.