विषय तू काढ

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं. परांचीवरून पडून पाठीच्या डी-बारा मणक्याला मार बसलेला सव्वीस वर्षांचा गवंडी, वर्षापूर्वीच लग्न झालेला, तुला विचारतो, ‘मॅडम, संसाराचं काय?’ आणि तू म्हणतेस, ‘आधी नीट बसायला शिका, मग बघू.’ तुझ्या सिनियरने तुझी पाठ थोपटली म्हणे. मला ते उत्तर पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्याने विचारलं तरी. बहुतेक जण विचारतच नाहीत. ‘घरी गेल्यावर कसं होणार’ एवढंच पुटपुटतात आणि आपण व्हीलचेअरच्या रॅम्पबद्दल बोलू लागतो. २००४ साली किम अँडरसन यांनी अमेरिकेत मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ जणांना विचारलं होतं की काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हातही गेलेल्यांनी आधी हात मागितले. फक्त पाय गेलेल्यांनी चालण्याच्याही आधी लैंगिक क्षमता मागितली. आपण मात्र पॅरलल बारमध्ये उभं करून टाळ्या वाजवतो.

म्हणून विषय तू काढ. लघवी-संडासचं विचारतेस त्याच सुरात, त्याच दिवशी. ‘मणक्याच्या दुखापतीनंतर नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल पुष्कळांना शंका असतात. तुम्हाला असतील तर आज बोलू, नाहीतर पुढे कधीही.’ एवढं पुरे. जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या कामाच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिली हीच: बोलायला मुभा देणं. मग थोडकी माहिती, मग त्या माणसापुरत्या सूचना, आणि शेवटी, फार थोड्यांना लागणारे, तज्ज्ञाचे उपचार. पहिल्या दोन पायऱ्या तुझ्या आहेत, त्यासाठी वेगळी पदवी लागत नाही. वॉर्डात पडद्याआड बोलू नकोस, शेजारचे सगळे कान टवकारून असतात. ओपीडी संपल्यावर एखादी खोली माग. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, त्याला शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून खोली मागताना कानकोंडे होतो!

आता त्याच्या शरीराचं. पहिले काही आठवडे मज्जारज्जू बधिर असतो, तेव्हा कसलाच निकाल देऊ नकोस. पुढे ताठरता दोन वाटांनी येते: स्पर्शाने येणारी मज्जारज्जूच्या एस-दोन ते एस-चार भागातून, मनातल्या विचारांनी येणारी डी-अकरा ते एल-दोनमधून. मार मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर स्पर्शाची वाट बहुधा शाबूत राहते. तुझ्या पेशंटला मार बसला तिथून मज्जारज्जूचं टोक अगदी जवळ असतं, त्यामुळे त्याचं कुठलं काय उरलं हे गुदद्वाराजवळची संवेदना आणि तिथल्या स्नायूची पकड पाहूनच कळेल. ती तपासणी युनिटच्या डॉक्टरांनी केलेली असणार. फाइल काढून वाच आणि मगच बोल. वीर्य बाहेर न येणं ही बऱ्याच जणांची अडचण असते. त्यावर व्हायब्रेटर आहे, विजेच्या उत्तेजनाने वीर्य काढता येतं, पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग आहे. मूल होणारच नाही असं त्याला कुणी सांगितलं असेल तर खोडून काढ. होईलच, असंही म्हणू नकोस.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी पुष्कळांना लागू पडते, पण ती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारून घ्यायची. आणि डी-सहा किंवा त्याच्या वर मार असलेल्या प्रत्येकाला हे दोनदा सांग: संबंधाच्या वेळी डोकं ठणकायला लागलं, चेहऱ्यावर घाम फुटला, तर बीपी चढलं आहे असं समजायचं. थांबायचं, उठून बसायचं, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का बघायचं, आणि उतार पडला नाही तर दवाखाना गाठायचा. कॅज्युअल्टीत बीपी उतरवायला नायट्रेट देतात. गोळी घेतली असताना नायट्रेट दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे लाज धरून गप्प बसायचं नाही.

बारीकसारीक गोष्टी सांगताना अडखळू नकोस. आधी लघवी काढून टाकायची. कायमची नळी असेल तर पुरुषाने ती दुमडून कडेने घ्यायची आणि वर निरोध चढवायचा. बाईने पोटावर चिकटपट्टीने लावायची. नंतर कमरेखालची कातडी लाल झाली आहे का ते आरशात बघायचं.

पण चिऊ, नसा आणि गोळ्यांपेक्षा जास्त संसार अडतात ते पलंगापाशी. माणूस घरी येतो आणि त्याचा पलंग बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर मांडला जातो. भेटायला येणाऱ्यांना सोयीचं, चाकाची खुर्ची वळते. आई त्याच्या शेजारी निजते, बायको आत. दोघांना एकमेकांचा हात धरायलाही जागा उरत नाही. घरभेटीला गेलीस की रॅम्पच्या आधी हे बघ. दाराची रुंदी मोज, पलंग आतल्या खोलीत जाईल का ते बघ, दाराला आतून कडी आहे का ते बघ. सासूला समजावणं हेही तुझंच काम. ‘रात्री कूस बदलायला सूनबाई आहे ना’ एवढ्यावर बऱ्याच सासवा ऐकतात. खरं कारण त्यांनाही कळत असतं.

दुसरं, सकाळी मोशन काढायची, कपडे बदलायचे आणि रात्री जवळ यायचं, हे सगळं एकाच बाईकडून मागणं कठीण असतं. निदान मोशनचं काम भावाकडे सोपवता येतं का, किंवा तो स्वतः शिकू शकतो का, ते पाहा. डी-बाराचा माणूस हाताने धडधाकट असतो, त्याला ते जमायला हवं. आणि बायकोला इच्छा नसेल तर तिला सावित्रीची कथा ऐकवू नकोस. ती दमलेली असते, घाबरलेली असते, कधीकधी त्याला लागेल म्हणून हातच लावत नाही.

मणक्याला मार बसलेल्या बायकांना तर हे कुणी विचारतच नाही. त्यांची पाळी काही महिने बंद पडते, मग बहुतेकींची परत येते आणि दिवसही राहू शकतात. म्हणून घरी सोडण्याआधी गर्भनिरोधकाचं बोलायलाच हवं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी न हलणाऱ्या पायांत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घाल. परस्पर ‘ऑपरेशन करून टाका’ म्हणणारे नातेवाईक भेटतील. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं दहावं कलम त्यांना दाखव, तिच्या मर्जीशिवाय ते करता येत नाही. आणि संवेदना नसली तरी ‘नको’ म्हणायचा हक्क तिला आहे, हे नवऱ्यासमोर बोल.

गवंड्याकडे सोमवारीच जा. ‘तुम्ही परवा विचारलं होतंत, त्याचं आज बोलू’ अशी सुरुवात कर. त्याच्या बायकोला त्याच आठवड्यात वेगळी बोलाव, सासूला चहाला पाठवून. तिचे प्रश्न निराळे असतील. ते मला लिहून कळव.

तुझी,
आत्या