पानं कुरतडली तरी फवारू नका

आईबाबांनो, पावसाळा तोंडावर आला की मुलांना घेऊन काहीतरी लावावं, असं आपल्या सगळ्यांच्याच मनात येतं. मग नर्सरीतून कृष्णकमळ आणलं जातं. फूल देखणं, यात वाद नाही. पण ही वेल मूळची अमेरिका खंडातली. या वर्षी कुंपणाला आपली हरणदोडी लावून बघा, असं अगदी मनापासून सांगते.

हरणदोडी रुईच्या कुळातली. झुडपी रानात, कुंपणांवर ती आपोआप वाढते, म्हणून कुणी तिला विचारत नाही. नर्सरीत बहुधा मिळणार नाही; गावाकडून बी आणावं लागेल. तिच्या शेंगा जोडीने लागतात. शेंग वाळून तडकली की आतल्या प्रत्येक बीला रेशमी तंतूंचा झुपका दिसतो. मुलांना फुंकर मारू द्या. चार बिया मुठीत उरल्या तरी पुष्कळ! भरपूर ऊन आणि चढायला तार किंवा जाळी हवी. वेल दणकट आहे, लहान कुंडीत मावत नाही. फुलांची घाई करू नका. पोपटी फुलांचे झुबके लांबून पानांतच हरवतात. मुलाला कडेवर घेऊन जवळून दाखवा.

आता खरं सांगायचं ते. एक दिवस पानं कुरतडलेली दिसतील आणि तुमचा हात औषधाच्या पंपाकडे जाईल. आधी पान उलटून बघा. ब्लू टायगर फुलपाखरू या वेलीवर अंडी घालतं. त्याची अळी पिवळसर पांढरी, अंगावर काळे आडवे पट्टे, पुढे-मागे मऊ शिंगांची एकेक जोडी. पानाच्या कडेला बसून ती डोकं वरून खाली नेत खाते, पुन्हा वर जाते, पुन्हा खाली. पुढे हिरवा कोष होतो, त्यावर सोनेरी ठिपके.

तेव्हा ‘शी, किडा!’ म्हणू नका. आपण म्हटलं की मूलही तेच म्हणायला शिकतं. पानं तोडली तर हात धुवायला लावा, चीक डोळ्यांत जायला नको. पण बघू द्या, शाळेला उशीर झाला तरी. वेल मरत नाही, नवी पालवी फुटते.

हिच्या फुलांची भाजीही करतात. मात्र नीट ओळख पटल्याशिवाय खाऊ नका. ती भाजी केलेली एखादी आजी नात्यात असेल, तर तिला वेल दाखवा आणि फुलं खुडताना पोराला तिच्याशेजारी बसवा.