घंटा वाजली की पावलं का वळतात?



दुपारी गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजते. कुल्फी दिसलेलीही नसते, तरी पोरं आईकडे पैसे मागायला धावतात. घंटेला ना चव, ना थंडावा. मग मेंदूत होतं काय?

वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवर प्रयोग केले. आधी इशारा, मग फळाच्या रसाचे थेंब. सुरुवातीला रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या. सवय झाल्यावर त्या इशाऱ्यालाच जाग्या होऊ लागल्या! आणि इशारा होऊनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली गेलं.

आता पैशाची गोष्ट. २०१३ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना कधीच न ऐकलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले. विचारलं, हे विकत घ्यायला स्वतःचे किती पैसे द्याल? मेंदूतला 'न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्स' हा बक्षिसाशी जोडलेला भाग जितका जास्त जागा, तितकी बोली मोठी.

यातून आपण काय घ्यायचं?

१. आवाज एकच ठेवा. घंटा असो, भोंगा असो की तुमची हाळी, रोज बदलू नका. मेंदूला ओळख पटायला वेळ लागतो.

२. आवाज म्हणजे शब्द दिला. घंटा वाजवली आणि "आज माल संपला" म्हणालात, तर गिऱ्हाईक नुसतं परत जात नाही, हिरमुसून जातं. असं वारंवार झालं की घंटेची किंमत संपली.

३. मोठा आवाज म्हणजे गोड आवाज नव्हे. कान किटले की लोक खिडकी लावून घेतात.

आणि शेवटचं, जरा आपल्याबद्दल. काउंटरवरचा साउंडबॉक्स "पैसे मिळाले" म्हणतो, तेव्हा आपल्यालाही बरं वाटतंच ना? तीही एक घंटाच! पण तो गल्ला आहे, नफा नाही. त्यातून माल, भाडं, वीज आणि उधारी जायची आहे. दिवसभर आवाज ऐकून खूश झालेले कितीतरी जण महिनाअखेरीला डोक्याला हात लावतात.

आजचा गृहपाठ: रात्री दुकान बंद करताना दहा मिनिटं वहीत खर्च मांडा. कानाला गोड लागलं ते हिशोबातही गोड आहे का, हे तिथेच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!