गळाचा दोरा का गुंततो?

पवई तलाव १८९१ साली बांधला गेला. हौशी गळ टाकणाऱ्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही संस्था त्याच्याच काठी आहे. गळाच्या काठीवरचे ‘बेटकास्टिंग रीळ’ कसे पारखावे?

गळ फेकताच शिशाचे वजन दोरा ओढते व रिळातली फिरकी गरगर फिरू लागते. हवेच्या विरोधाने वजनाचा वेग घटतो. फिरकी मात्र जडत्वामुळे तशीच फिरत राहते. जादा दोरा सैल पडून गुंततो. म्हणून फिरकी हलकी हवी.

करून पाहा : शिवणाच्या दोऱ्याचे रीळ पेन्सिलीवर बसवा. दोरा झटक्याने ओढून एकदम थांबा. मग रिळाच्या कडांना मळलेली कणीक लावून तेच करा. सैल वेढे कधी जास्त पडले?

काही रिळांत चुंबकाचा ब्रेक असतो. ॲल्युमिनियमची फिरकी चुंबकाजवळ फिरताना तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात व गतीला विरोध करतात. येथे घर्षण नाही, म्हणून झीज नाही.

सोय पाहायची तर रीळ मुठीत बसावे आणि अंगठा फिरकीवर सहज टेकावा. अंगठा हाही ब्रेकच!

टिकाऊपणासाठी ब्रेक सैल करा, कळ दाबून फिरकी मोकळी करा आणि टिचकी मारून ती किती सेकंद फिरते ते मोजा. पाच वेळा मोजून सरासरी काढा. दरमहा नोंद ठेवा. वर्सोव्याच्या खाऱ्या पाण्यावर वापरलेले रीळ गोड्या पाण्याने पुसून घेतले नाही, तर बेअरिंग गंजते आणि हा आकडा उतरत जातो. बाहेरची चकाकी फसवते. सेकंद फसवत नाहीत.