होडी वल्हवणारे अल्पायुषी असतात का?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या नौकाशर्यतीचे नाव तुम्ही ऐकले असेल. पहिली शर्यत १८२९ साली हेन्ली येथे झाली. १८४५ पासून ती लंडनमध्ये टेम्स नदीवर पटनी ते मॉर्टलेक अशी होऊ लागली. अंतर सुमारे ६.८ किलोमीटर. होडीत आठ जण वल्ही मारणारे आणि नववा सुकाणू सांभाळणारा. वीस मिनिटांच्या आसपास आठही जणांनी जीव तोडून वल्हवायचे!

त्यासाठी तयारीही तशीच कडक असे. ऑक्सफर्डमध्ये व्यायामशाळा चालवणारे आर्किबाल्ड मॅक्लारेन यांनी १८६६ साली एका पुस्तकात या शिस्तीची छाननी केली. सकाळी सातला उठायचे, थोडे चालायचे किंवा धावायचे. न्याहारीला अर्धेकच्चे भाजलेले मांस, कोरडा पाव आणि बेताचा चहा. दुपारी पुन्हा मांस, पाव आणि मोजून बिअर. भाज्या जवळजवळ वर्ज्य. संध्याकाळी नदीवर सराव, रात्री दहाला झोप.

यातला सर्वांत विचित्र नियम पाण्याचा होता. तहान लागली तरी पाणी होता होईल तो कमी प्यायचे! पाण्याने अंग जड व मऊ होते, अशी समजूत होती. घाम गाळून वजन करावे, तर काटा खाली आलेला दिसे आणि समजूत आणखी पक्की होई. पण ते वजन चरबीचे नव्हते, पाण्याचे होते. शरीरातील पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते. मग स्नायूंना तेवढेच रक्त पुरवण्यासाठी हृदयाला जास्त वेगाने ठोके द्यावे लागतात. म्हणजे शर्यतीसाठी जे हवे, नेमके तेच ही मुले गमावत होती.

अशा कष्टांनी हृदय कायमचे बिघडत असेल काय? १८६७ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे माजी अध्यक्ष एफ. सी. स्के यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून ही शर्यत प्रकृतीला घातक असल्याचे सांगितले. वाद पेटला. मुलांना होडीवर पाठवावे की नाही, हा पालकांपुढे खराच प्रश्न उभा राहिला.

मँचेस्टरचे डॉक्टर जॉन एडवर्ड मॉर्गन यांनी वाद घालण्याऐवजी मोजायचे ठरवले. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेले वल्हवणारे होते २९४. मॉर्गन यांनी त्यांना पत्रे लिहिली. जे वारले होते त्यांच्याबद्दल नातेवाइकांना व मित्रांना विचारले. १८७३ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. ११५ जणांना वल्हवण्याचा फायदा झाला होता, १६२ जणांना अपाय झाला नव्हता आणि १७ जणांना इजा झाली होती. बेरीज करून पाहा, एकही माणूस सुटलेला नाही. शिवाय, आयुर्मानाच्या त्या वेळच्या कोष्टकानुसार विसाव्या वर्षी इंग्रज माणसाची आणखी ४० वर्षे जगण्याची अपेक्षा असे. या खेळाडूंची निघाली ४२.

मग व्यायामाने दोन वर्षे वाढली असे म्हणायचे का? जरा थांबा. कोष्टकात खाणकामगार होते, गिरणीतले मजूर होते, दाटीवाटीच्या वस्त्यांत क्षयाने मरणारे गरीब होते. विद्यापीठातील मुले बहुतेक सुखवस्तू घरांतली. शिवाय संघासाठी निवड होते ती धडधाकट मुलांचीच! आणखी एक बाब म्हणजे फायदा-तोट्याचे उत्तर देणारे स्वतः या खेळाचे भक्त; मॉर्गनही ऑक्सफर्डमध्ये आपल्या कॉलेजच्या होडीचे कप्तान होते. तेव्हा वल्हवणारे तरुणपणीच मरतात ही भीती त्यांनी खोटी ठरवली, पण वल्हवल्याने आयुष्य वाढते हे काही त्यातून सिद्ध झाले नाही. माझ्या मते पहिले कामही थोडे नव्हे.

योग्य तुलना म्हणजे त्याच विद्यापीठातल्या, पण न खेळणाऱ्या मुलांशी. १९५४ साली ॲलन रूक यांनी केंब्रिजच्या निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंची अशी तुलना केली. खेळाडू आणि इतर विद्यार्थी यांच्या आयुष्यात फारसा फरक आढळला नाही. परीक्षेत वरचा वर्ग मिळवणारे मात्र खेळाडूंपेक्षा सरासरीने सुमारे दीड वर्ष जास्त जगले होते. अभ्यासाने आयुष्य वाढते, असे आता तुमच्या वर्गातला हुशार मुलगा म्हणेल. त्याला विचारा, वरचा वर्ग मिळवणारे पुढे कोणते व्यवसाय करत होते, आणि त्यांच्यापैकी सिगारेट ओढणारे किती होते?